रुळलेले हात

पट्टीबद्दल मी वाईट बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकते. बाळंतपणानंतरचे पहिले महिने तिच्याशिवाय, आणि वर हसतमुखानं, काढणाऱ्या बायका असतीलही. त्यांना माझा नमस्कार. माझी गत वेगळी होती. दुपारी चारला लक्षात यायचं की सकाळपासून दात घासलेले नाहीत. एकदा कुकरची शिट्टी मुठीत घट्ट धरून मी सगळ्या स्वयंपाकघरात तीच शिट्टी शोधत होते, आणि सापडत नाही म्हणून रडत होते. अभिनंदननं माझी मूठ उघडून दाखवली, तेव्हा आणखीनच रडू आलं.

अभिनंदन म्हणजे माझा नवरा. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात यंत्रांच्या कंपनांचे आलेख वाचायचं काम करतो. कुठलं बेअरिंग महिन्याभरानं जाणार हे त्याला आज कळतं. बायको पुढच्या मिनिटाला रडणार हे मात्र कळत नाही, असं मी त्याला म्हणायचे. आमची मुलगी इंदू. नाव त्याच्या पणजीचं. आमच्या पिढीनं ही नावं पुन्हा पेटीतून बाहेर काढली आहेत, त्यामुळे लसीकरणाच्या रांगेत हल्ली इंदू, गोदा, सोनाबाई अशा हाका होतात आणि पुढं येतात ती दुपट्यात गुंडाळलेली गाठोडी.

माझं काम घरून चालतं. औषधाच्या खोक्यात बारीक घडी घालून जे पत्रक ठेवलेलं असतं, त्याचं मराठी आता मशीन करतं. पण ते वाचून 'बरोबर आहे' अशी सही माणसाची लागते. ते माणूस मी. 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यात चूक चालत नाही, आणि मला तर मी जेवले की नाही हेच आठवत नव्हतं.

इंदूच्या सहाव्या आठवड्याच्या लशीला गेले, तेव्हा तिथल्या सिस्टरनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मागची-पुढची काही चौकशी नाही. म्हणाल्या, "तुम्ही पट्टी घेऊन जा."

घरी आल्यावर मी तिची माहिती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तो माझा धंदाच आहे. नवीन काम करताना मेंदूचा पुढचा भाग प्रत्येक पायरीला हजर असतो. आता हे उचल, आता ते ओत. म्हणून नवीन काम थकवतं. पण तेच काम त्याच वेळी, त्याच जागी, त्याच क्रमानं होत राहिलं की मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक पुंजका त्या सगळ्या पायऱ्यांची मोट बांधतो. मोट बांधली गेली की या पेशी कामाच्या सुरुवातीला एकदा उसळतात, शेवटी एकदा उसळतात, आणि मधल्या वेळात गप्प बसतात. पुढच्या भागाला सुट्टी मिळते. यालाच आपण सवय म्हणतो. एरवी याला दोन-तीन महिने जातात, आणि त्यातले पंधरा दिवस आपण आळस करतो. पट्टी कानामागं चिकटवायची आणि दोन्ही मनगटांत पातळ कडी घालायची. काम सुरू कधी झालं, संपलं कधी, हे कडी हातांच्या हालचालीवरून आणि दाबावरून ओळखतात. आणि नेमक्या शेवटच्या क्षणी पट्टी त्या पुंजक्याला एक बारीकसा इशारा देते, की बांध आता. नऊ दिवसांत काम रुळतं.

खाली ठळक अक्षरांत ताकीद होती. विस्तव, धार आणि रस्ता, या तिन्हींशी संबंध असलेलं काम रुळवू नये.

मी छोट्या गोष्टींपासून सुरुवात केली. उठल्यावर एक तांब्या पाणी. मग दात. मग खिडकीपाशी उभं राहून दिवसाची तीन कामं कागदाच्या चिठ्ठीवर लिहायची. तीनच, चौथं सुचलं तर उद्या. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. संध्याकाळी दहा मिनिटं घराची आवराआवर, मग जे राहील ते राहील. बाराव्या दिवशी अभिनंदन कामावरून आला आणि दारातच थांबला. म्हणाला, "चुकून दुसऱ्यांच्या घरात तर नाही ना आलो?"

त्या आठवड्यात मी इंदूला मांडीवर घेऊन कित्येक दिवसांनी नुसती बसले. काही राहिलंय ही टोचणी नव्हती. तिच्या भुवया मला तेव्हा पहिल्यांदा दिसल्या. त्या भुवयांसाठी मी पट्टीची आजही ऋणी आहे.

*

इंदूला न्हाऊ-माखू घालायला हौसाक्का यायच्या. साठीच्या, काटक, दातांना मिसरी. आमच्या भागातली निम्मी पोरं त्यांच्या नडग्यांवर पालथी पडलेली, अभिनंदनसुद्धा. त्यामुळे कारखान्यातल्या या साहेबाला त्या खुशाल "ए रडव्या" म्हणायच्या. इंदूला मात्र मानानं इंदूबाई.

इंदू सात आठवड्यांची झाली आणि हौसाक्कांच्या जतच्या लेकीचे दिवस भरत आले. त्यांना जाणं भाग होतं. जायच्या आधी चार दिवस त्यांनी मला शिकवायला बसवलं.

"पाय लांब कर. पंगतीला बसल्यासारखी काय बसलीयास? लांब कर. हां. आता घे इंदूबाईला नडग्यांवर."

"पडली तर?"

"कुठनं पडंल? पोर हाय का रुपाया हाय घरंगळायला?"

मग तेल. पाठ, खांदे, दंड. मग उताणी करून उजवा हात डाव्या पायाला भेटवायचा, डावा हात उजव्या पायाला. मग दोन्ही गुडघे दुमडून मांड्या बाजूला उघडायच्या, बेडकासारख्या, जिथवर सहज जातील तिथवर. मग डाळीचं पीठ, मग पाणी, मग ओव्याची धुरी, मग दुपट्यात गच्च बांधणी.

"आन् बोलत ऱ्हा तिच्यासंगं," हौसाक्का म्हणाल्या.

"काय बोलू?"

"वांग्याचा भाव सांग. सासूची चुगली कर. पन गप्प बसू नगंस."

त्या गेल्या. पहिल्या दिवशी मला सव्वा तास लागला. इंदू रडली, मी रडले, तेलाची वाटी मोरीत लवंडली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीवर नवीन काम चढवलं. तिनं विचारलं, विस्तव आहे का? धुरीची शेगडी तर मी कधीच बंद केली होती, तिच्या जागी विजेची वाटी मिळते. नाही. धार आहे का? नाही. रस्ता? नाही. तीन वेळा 'नाही' दाबलं आणि काम सुरू झालं. समोर जिवंत माणूस आहे का, असं तिनं विचारलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही.

नऊ दिवसांनी माझे हात हौसाक्कांच्या हातांसारखे चालायला लागले. खरंच सांगते, बघायला छान वाटायचं. पंचवीस मिनिटांत तेल, पीठ, पाणी, धुरी, बांधणी. इंदू रडायची थांबली, कारण हात आता बिचकत नव्हते. आणि माझं डोकं रिकामं. रिकाम्या डोक्याचं काय करायचं हे मला चांगलं माहीत होतं. मी कानात फोनची बोंडं घालून पत्रकं ऐकायला लागले. मशीन एकेक वाक्य वाचायचं आणि मी म्हणायचे, "बरोबर. बरोबर. चूक. बरोबर." एका आंघोळीत दोन पत्रकं व्हायची.

अभिनंदन एका रविवारी दारात उभा राहून चित्रण करत होता. "काय पुटपुटतेस गं?"

"रक्तदाबाच्या गोळ्या."

"तिला वाटत असेल, आई आपल्या हातापायांना मार्क देतेय."

आम्ही दोघं हसलो. इंदूही हसली असावी. चित्रणात ती हसताना दिसते.

*

सात आठवड्यांनी हौसाक्का जतहून परत आल्या. नातू झाला होता, त्याचे पेढे आणले होते. आल्या आल्या पदर खोचून मोरीत बसल्या. "आण माज्या म्हातारीला."

मी इंदूला दिलं आणि बाहेर येऊन पत्रक उघडलं. आतून आवाज येत होता. "जतला पानी चार दिसांनी येतंय इंदूबाई, तुजं बरं हाय. आन् तो माजा जावई, त्येला लंगोट बांधाया येत न्हाई, मास्तर हाय म्हणं..."

मग आवाज थांबला. तो थांबला म्हणून मी मान वर केली.

"त्रिशला, हिकडं ये."

मी गेले.

"ह्यो पाय कवापासनं असा?"

"कसा?"

"ह्यो उजवा बघ, पार टेकतोय खाली. आन् डावा हितंच आडतोय." त्यांनी जोर न करता डावी मांडी बाजूला नेली. ती अर्ध्यात थांबली. "मांडीच्या वळ्या मोज. उजवीकडं दोन, डावीकडं तीन. रोज तू चोळतीस न्हवं?"

"रोज."

"मग?"

त्या 'मग'मध्ये टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

*

दुसऱ्या दिवशी मिरजेला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर उपाध्ये, पन्नाशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी इंदूच्या कमरेवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "मांडीच्या हाडाचा हा गोळा. तो या खोबणीत बसायला हवा. तिची डावी खोबणी उथळ राहिलीय, आणि गोळा कडेला सरकलाय. पोटात असताना पायाळू होती का?"

"हो. म्हणून तर सिझेरियन झालं. पण जन्मल्यावर तपासलं होतं. सगळं ठीक म्हणाले होते."

"तेव्हा असेलही ठीक. काही मुलांमध्ये हे नंतर सरकतं. वेदना नसते, म्हणून मूल सांगत नाही. पायांचा पट्टा बांधू. पाय दुमडून, उघडे, दिवसरात्र. सहा आठवड्यांनी परत बघू. गोळा बसला तर आणखी काही आठवडे पट्टा आणि मग सुटका. नाही बसला, तर भूल देऊन बसवावा लागेल, प्लास्टर, कदाचित शस्त्रक्रिया." त्यांनी पेन उचललं. "आता मला एक सांगा. मालीश कोण करतं?"

"मी."

"मग तुम्हालाच माहीत असेल. सुरुवातीला पाय पूर्ण उघडत होता का? कधीपासून कमी झाला? अलीकडचं असेल तर पट्ट्यावर भागायची शक्यता चांगली. पहिल्यापासूनचं असेल, तर मी सहा आठवडे वाट बघत बसणार नाही."

मी आठवायला लागले. वाटीत तेल ओतलेलं आठवत होतं. शेवटी दुपट्याचं टोक खोचलेलं आठवत होतं. मधलं काही नव्हतं. सात आठवड्यांच्या एकोणपन्नास आंघोळी, आणि पहिल्या दोन-तीन रडारडीच्या सोडल्या तर मला एकही आठवेना. रक्तदाबाच्या गोळीचं पत्रक शब्द न् शब्द आठवत होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

अभिनंदन शेजारच्या खुर्चीत पुढं सरकला. त्यानं माझं मनगट धरलं. मला वाटलं धीर देतोय. तो कड्याकडं बघत होता. "यात असेल," तो म्हणाला. "दाब, हालचाल, रोजचं. असायलाच पाहिजे, त्याशिवाय याला सुरुवात-शेवट कळणार कसा?"

त्यानं ते तिथंच फोनवर उतरवलं. डॉक्टरांनी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. दहा-बारा मिनिटांनी त्यानं पडद्यावर दोन रेषा आणल्या. निळी उजव्या पायाची, तांबडी डाव्याची. मांडी उघडताना हात किती लांब गेला, त्याच्या.

"हे बघा. पहिले पंचवीस दिवस दोन्ही एकमेकींवर बसतात. सव्विसाव्या दिवशी तांबडी थोडी खाली. तिसाव्याला आणखी. मग रोज जरा जरा."

"आणि जोर?" डॉक्टरांनी विचारलं. "पाय अडतोय म्हणून जोर वाढवला का?"

अभिनंदननं दुसरा आलेख काढला आणि बोटांनी मोठा करून बघितला. कारखान्यातलं बेअरिंग असतं तर तो खूश झाला असता. "नाही. जोर कमी होत गेलाय. पाय जिथं अडला त्याच्या किंचित अलीकडं हात रोज थांबलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सुरुवातीला पूर्ण उघडत होता. हे अलीकडचं आहे. फार बरं झालं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि जोर केला नाहीत हेही बरं झालं. तुमच्या हातांना कळलं होतं."

हातांना कळलं होतं. चोवीस दिवस कळत होतं. त्यांनी परस्पर सांभाळून घेतलं, आणि मला सांगितलं नाही. सांगतील कसे? मधल्या वेळात मी तिथं नव्हतेच.

*

आम्ही गाडीतून घरी निघालो. अंकलीच्या पुलावर अभिनंदन म्हणाला, "तुला खरंच एकदाही जाणवलं नाही?" आणि लगेच, "राहू दे."

"नाही जाणवलं," मी म्हणाले.

इंदू मागं झोपली होती. तिचे पाय पट्ट्यात दुमडलेले, बेडकासारखे उघडे. ती आता असंच झोपणार, असंच जागणार, आणि आंघोळ नाही. ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं.

त्या संध्याकाळी मी पट्टी कानामागून काढली आणि तिच्या डबीत ठेवून झाकण लावलं. सकाळी उठले, एक तांब्या पाणी प्याले, खिडकीपाशी जाऊन चिठ्ठीवर तीन कामं लिहिली. डबी न उघडताच. रुळलेलं ते रुळलेलंच राहतं. मला त्या चिठ्ठीचा राग आला, आणि मग राग टिकेना. कारण पहिल्या ओळीत माझ्या हातानं लिहिलं होतं, 'पट्ट्याखाली कातडी लालसर झालीय का, दर तीन तासांनी बघणे.'

अभिनंदन चहा घेऊन आला. रात्रभर त्यानं मनात काहीतरी जुळवलं असावं, कारण तो एकदम बोलला. "आमच्याकडं असं झालं तर आम्ही कुणाला दोष देत नाही बघ. सेन्सर चालू होता. वाचत पण बरोबर होता. फक्त त्याची तार घंटेला जोडलेली नव्हती. एवढंच."

"एवढंच?"

"आणि मी दारात उभा राहून चित्रण करत होतो. रोज आलेख वाचणारा माणूस. माझ्या चित्रणात पण तो पाय अडताना दिसतो. काल रात्री बघितलं." त्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "तू एकटीच नव्हतीस तिथं नसलेली."

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यानं मला म्हटलेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते हेच.

*

हौसाक्का आंघोळ नसली तरी रोज यायच्या. पहिल्या दिवशी त्या उंबऱ्यापाशीच बसल्या. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी सगळं सांगितलं. पाय सरळ ताणून दुपट्यात गच्च बांधणं अशा मुलांना बरं नाही, हेही सांगावं लागलं. त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून बघितले.

"मीच शिकीवलं तुला त्ये."

"त्यानं झालं असं नाही म्हणाल्या. पण पुढं कुणाला सैल बांधा, पाय हलू द्या, म्हणाल्या."

"चाळीस वरसं बांधत आलीया," त्या म्हणाल्या. मग उठल्या, पदर झटकला. "आजच जतला फोन करतो. मास्तरला लंगोट येत न्हाई त्येच बरं झालं म्हणायचं."

रुळलेलं काम मोडायची रीत माहितीपत्रकातच होती. तेच काम वेगळ्या क्रमानं करायचं, जागा बदलायची, हात बदलायचा आणि प्रत्येक पायरी मोठ्यानं म्हणायची. असं केलं की गप्प बसलेल्या मधल्या पेशींना पुन्हा उठावं लागतं. पण इंदू तर पट्ट्यात. मी सराव करू कुणावर?

"माज्यावर कर," हौसाक्का म्हणाल्या.

त्या दुपारी त्या सतरंजीवर आडव्या झाल्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत सरकवली आणि डोळे मिटले. मी वाटीत तेल घेतलं. त्यांच्या नडग्या लाकडासारख्या गुळगुळीत झालेल्या. चाळीस वर्षं त्यांच्यावरून पोरांचं पाणी वाहिलेलं.

"उजवा पाय," मी मोठ्यानं म्हणाले. "घोटा."

"म्हणू नगंस नुसतं. काय सांगतोय त्यो घोटा?"

"सुजलाय थोडा."

"पुढं."

"पोटरी. इथं गाठ आहे. इथं दाबलं की तुम्ही श्वास धरता."

"धरतो व्हय? मला कुटं ठावं." त्यांनी पाय सैल सोडला. "पुढं."

"गुडघा. हा आतून गरम आहे. दुसऱ्यापेक्षा. हौसाक्का, हा दुखत असणार तुम्हाला."

"दोन वरसं."

"सांगितलं नाहीत कधी."

"इचारलं कुणी?" त्या डोळे मिटूनच बोलत होत्या. "हजारभर पोरं चोळली असतील. बाळंतिनी चोळल्या. मला कुनी चोळलं न्हाई कधी. आज पयल्यांदा." त्यांच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब कानाकडं गेला. मी बघितलं नाही असं केलं. "बोलाया का सांगत हुती, कळलं आता? पोराला काय कळतंय वांग्याचा भाव. बोलतोय म्हंजी आपुन हितं हाय."

रोज दुपारी अर्धा तास. कधी डाव्या पायापासून, कधी खांद्यापासून. हळूहळू माझ्या हातांना बोलायची सवय लागली. ही सवय पट्टीनं लावली नाही, आणि तिला नऊ दिवस नाही, चाळीस दिवस लागले. पट्टी मी सहाव्या महिन्यात परत करून आले. परत करताना अर्जात 'सूचना' असा रकाना होता. विस्तव, धार, रस्ता, यांच्यापुढं मी लिहिलं, 'जिवंत शरीर'. सिस्टरनी ते वाचलं, मला बसायला सांगितलं आणि सगळी हकिगत पुन्हा एकदा, सावकाश, लिहून घेतली. आता पट्टी चौथा प्रश्नही विचारते, असं त्या परवा म्हणाल्या.

*

सहा आठवड्यांनी डॉक्टर उपाध्येंनी यंत्र फिरवलं. मी पडद्याकडं बघत नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांनी आधी एक बारीक शिट्टी वाजवली. पन्नाशीची बाई, डॉक्टर, आणि शिट्टी. मग म्हणाल्या, "बसलाय."

अभिनंदननं विचारलं, "नक्की?"

"तुमच्या आलेखांपेक्षा नक्की. अजून सहा आठवडे पट्टा. मग आंघोळ घाला बिचारीला. पायांवर घ्या, पण आता ताणाताणी नको. नुसतं तेल. आणि सहज उघडेल तेवढं उघडायचं."

पट्टा सुटला त्या सकाळी हौसाक्का मुद्दाम आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "तुजं तू कर. मी चुलीपाशी बसून ऐकतो हितनं." त्यांच्या-आमच्या घरात तीन गल्ल्यांचं अंतर आहे.

मी मोरीत न बसता खोलीत, उन्हाच्या चौकोनात, सतरंजी टाकली. पाय लांब केले. इंदू आता सहा महिन्यांची. नडग्यांवर मावेना. तिनं वाटीत बोट बुडवून बघितलं.

"हे तेल," मी म्हणाले. "कोमट आहे. हा तुझा डावा खांदा. हा दंड, याला वळी पडलीय. वांगी साठ रुपये किलो झालीत. ही कंबर, इथं पट्ट्याचा वळ अजून आहे, जाईल. हा उजवा गुडघा. उघडला. टेकला."

मग मी डावा गुडघा दुमडून हातात घेतला आणि मांडी बाजूला नेऊ लागले. अर्ध्यात हात थांबला.

पाय अडला नव्हता. हात थांबला होता. तीन महिन्यांपूर्वी माझ्या नकळत तो जिथं थांबायला शिकला, नेमका तिथं. हौसाक्कांच्या पायांवर केलेला सगळा सराव त्यानं मानला होता, पण ही एक जागा त्यानं तशीच जपून ठेवली होती. या पोरीला इथं जपायचं आहे, एवढंच त्याला माहीत होतं, आणि त्या काळात माझ्या घरात तेवढं जाणणारं दुसरं कुणी नव्हतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. माझाच हात, तेलानं चमकणारा, माझ्या मुलीच्या गुडघ्यावर थांबलेला. इतके दिवस मी त्याच्यावर रागावले होते.

"कळलं मला," मी त्याला म्हणाले. "आता बरी आहे ती. चल."

आणि मी त्याला पुढं नेलं. बोटभर, आणखी बोटभर. इंदू माझ्याकडं बघत होती, भुवया वर करून. मांडी सैल, ऊबदार, कुठं अडकली नाही. गुडघा सतरंजीला टेकला.

अभिनंदन आत येऊन बसला होता. फोन खिशात होता त्याच्या. त्यानं विचारलं, "कसा आहे?"

मी दोन्ही गुडघे एकदम उघडून बघितले. मग त्याचे हात धरून, त्याच्या बोटांना तेल लावून, त्याचा एकेक हात तिच्या एकेका गुडघ्यावर ठेवला.

"तूच सांग," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले, आणि दोन्ही गुडघे हळूच बाजूला नेले.

"सारखे," तो म्हणाला. "दोन्ही सारखे."